काचेवर घेतलेलं माप

शुक्रवारी दुपारी डबा खाऊन छोटी हात धूत होती, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सकाळपासून ती ह्याच फोनची वाट बघत होती. ओल्या हातानंच तिनं फोन कानाला लावला.

"तुझ्या भावोजींची बायॉप्सी बघितली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनीत स्फटिक आहेत गं. एकदोन नाहीत, चांगले ठासून भरलेत."

"कसले स्फटिक, मॅडम?"

"मला तर ऑक्झलेट वाटतंय. जरासे तपकिरी दिसतात, पण तो मी काचेवर लावलेल्या रंगाचा परिणाम असेल. म्हणून काच वर पाठवतेय. तुझ्या कॅमेऱ्यानं सांगितलं की मग बोलायलाच नको."

हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर छोटीची प्रयोगशाळा होती. खाली डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून शरीराचे तुकडे बघायच्या, रंग लावून, डोळ्यांनी. वर छोटी तेच तुकडे इन्फ्रारेड किरणांनी बघायची, रंग न लावता. प्रत्येक पदार्थ ह्या किरणांतला आपापला ठरलेला हिस्सा गिळतो. प्रथिनं एक गिळतात, चरबी दुसरा, स्फटिक तिसराच. काय गिळलं गेलं ते मोजलं, की तिथे काय आहे ते कळतं. यंत्र तुकड्याच्या ठिपक्या-ठिपक्यावर हे माप घ्यायचं आणि सगळ्याचा मिळून एक नकाशा करून द्यायचं. खरं तर ती चाळिशी उलटलेली बाई, ह्या कामात केस पांढरे केलेली. पण लहानपणी ताईनं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. हॉस्पिटलातही तिला सगळे छोटीच म्हणत.

"आणि ऑक्झलेटच निघालं तर?" तिनं विचारलं.

"तर ते आलं कुठून, हे शोधावं लागेल. त्यांच्या घरात कुणाला मूतखडे? आतड्याचं ऑपरेशन झालंय? जीवनसत्त्वांच्या गोळ्या मूठ-मूठ खातात?"

"नाही. त्यातलं काहीच नाही."

"मग एकच राहतं. गाडीत घालतात ना, ते कूलंट. चवीला गोड असतं. पोटात गेलं की शरीर त्याचंच ऑक्झलेट करतं. लहान मुलं चुकून पितात, अशा केसेस मी पाहिल्यात. मोठा माणूस चुकून पीत नाही. कुणीतरी पाजतं. तसं निघालं तर आपल्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते. तुझं घरचं माणूस आहे म्हणून."

छोटीनं बेसिनची कड घट्ट धरली. ताईचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन गाड्या होत्या, आणि त्यांच्या तेलापाण्याचं सगळं सामान स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत एका फळीवर मांडलेलं असायचं. त्यात कूलंटचा हिरवा कॅनही होता. छोटीनं तो शेकडो वेळा पाहिला होता.

ताईचा स्वभाव मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. शिकाऊ पोरापोरींना ती चौकाचौकात ओरडायची आणि परीक्षेत पास झाले की त्यांच्यापेक्षा जास्त नाचायची. घरात शिरली की मात्र तिचा आवाज कुठे जायचा कुणास ठाऊक. भावोजी शाळेत भूगोल शिकवत. माणूस हुशार, पण जीभ अशी की समोरच्याची सालं काढावीत. चार पाहुणे बसले की त्यांना जोर चढायचा. "हिच्या हातात नकाशा दिलात तर ही त्यानं टेबल पुसेल," असं म्हणायचे, आणि पाहुण्यांबरोबर ताईही हसायची. इतकी वर्षं हसत आली होती. फक्त मागच्या उन्हाळ्यात एकदा तिनं छोटीला फोन केला होता, आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली होती, "हा माणूस उद्या नसला ना छोटे, तर मी रडणार नाही. झोपेन गं. नुसती झोपेन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत भावोजींचे पाय सुजायला लागले.

काच वर आली. छोटीनं दार लावून घेतलं आणि ती यंत्राखाली सरकवली.

एरवी तिनं हे कधीच केलं नसतं. खालून आलेली काच साधी होती, सूक्ष्मदर्शकाची नेहमीची. साधी काच इन्फ्रारेडच्या बाबतीत भिंतच. अर्ध्याहून जास्त किरण ती स्वतःच गिळून बसते, आणि नेमका तोच अर्धा भाग, ज्यात पदार्थाची खरी ओळख पटते. म्हणून अशा कामाला बेरियम फ्लोराइडची चकती लागते. दिसायला काचेसारखीच, पण किरण आरपार जाऊ देणारी. कुणा विद्यार्थ्यानं साध्या काचेवर माप घेतलं असतं तर छोटीनं त्याला उभा-आडवा घेतला असता. पण त्या दुपारी तिच्यानं राहवलं नाही. काहीतरी दिसू दे, काहीही, एवढंच डोक्यात होतं.

नकाशा उमटला. किडनीच्या नळ्यांत स्फटिक चमकत होते, पंख्याच्या पात्यांसारखे पसरलेले. तिनं एकावर बाण नेला. आलेखाचा वरचा तुकडा तेवढा आला, खालचा सगळा काचेनं खाल्ला होता. त्या तुकड्याची संग्रहातल्या आलेखांशी जुळणी करायला तिनं यंत्राला सांगितलं. यंत्र बिचारं सांगकामं. जे मिळालं त्याला त्यातल्या त्यात जवळचं नाव त्यानं वर आणलं.

ऑक्झलेट.

जुळणी यथातथाच होती, हे तिला कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि भीती एकीकडे. ताईचे हात तिच्या डोळ्यांसमोर आले, स्टिअरिंगनं घट्टे पडलेले, लहानपणी तिची वेणी घालणारे.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मॅडम, काच साधी आहे. ह्यावर काही सांगता येणार नाही. सोमवारी आमच्या चकतीवर नवा काप लावून द्याल?"

"मेणाच्या ठोकळ्यात तुकडा फारसा उरलेला नाही गं. बघते, जपून कापायला सांगते. पण काही अंदाज?"

"अंदाज नाही," छोटी म्हणाली. बोलली ते खरंच होतं, तरी तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

शनिवारी ती ताईकडे गेली. कशाला जातोय, हे तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. पर्समध्ये प्रयोगशाळेतली एक छोटी झाकणाची बाटली टाकली होती, एवढं खरं.

भावोजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. चेहरा मातकट झाला होता, बोटं सुजून जाड झालेली. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण ते वाचत नव्हते.

"या, शास्त्रज्ञ," ते म्हणाले. "माझा तुकडा चाखून झाला का?"

"सोमवारी कळेल, भावोजी."

"तोवर तुझी ताई मला साखरेत मुरवून ठेवणार. सरबत, सरबत आणि सरबत. गोडानं तोंडाला मिठी बसलीय."

"इतकं गोड कशाला करते?"

"तिलाच विचार. अन्न जात नाही म्हणून ताकद यायला, असं म्हणते. माझी ताकद हिला कधीपासून हवीशी झाली, देव जाणे."

ती आत गेली. स्वयंपाकघरात ताई पाठमोरी उभी राहून मोठ्या भांड्यात लिंबं पिळत होती. छोटीला बघून ती मान वळवून हसली, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. गेले कित्येक दिवस ही बाई झोपली नव्हती.

"बस. पोळ्या टाकते."

"नको, भूक नाही. पाणी घेते." पाणी घ्यायच्या निमित्तानं ती पडवीच्या दारात गेली.

फळीवर ऑईलचे डबे होते, फडकी होती, हवेचा पंप होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक रिकामी जागा होती. धुळीत पुसट चौकोनी ठसा तेवढा राहिला होता. हिरवा कॅन तिथे नव्हता.

छोटी त्या ठशाकडे बघत उभी राहिली. कॅन संपला असेल. दुसरीकडे ठेवला असेल. गाडीत असेल. मनाशी ती एकेक कारण मांडत होती आणि एकेक कारण पायाखालच्या वाळूसारखं सरकत होतं. ताईनं मागून हाक मारली तेव्हा ती दचकून इतक्या जोरात मागे फिरली, की कोपर दारावर आपटलं.

"काय गं? पाल बघितलीस का?"

"काही नाही. दे, सरबत मी नेऊन देते त्यांना."

ताईनं पेला तिच्या हातात दिला. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, तिथे हात धुवायचं बेसिन होतं. छोटीनं पर्समधली बाटली काढली, पेल्यातलं सरबत तिच्यात ओतलं, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतायला पेला तिरका केला. घाईत निम्मं मनगटावरच सांडलं.

"छोटे."

ताई बोळाच्या तोंडाशी उभी होती.

बेसिनच्या भोकातून सरबत गुळगुळ आवाज करत खाली जात होतं. बाहेरून भावोजींचा खोकला ऐकू आला.

"काय आहे ती बाटली?" ताईनं विचारलं. आवाज एकदम हळू होता. शिकाऊ पोरांना ओरडणारा नाही, घरातला.

"ताई, कूलंटचा कॅन कुठे गेला?"

ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सर्रकन गेलं. छोटीनं ते स्पष्ट बघितलं. तो राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. ती भीती होती. आणि ते बघून छोटीची पाचावर धारण बसली, कारण आपल्या बहिणीला घाबरलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"गेला," ताई म्हणाली.

"कुठे गेला?"

उत्तर न देता ताई पुढे आली. तिनं छोटीच्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट फिरवलं आणि ती परत तिच्या पर्समध्ये ठेवली. मग पर्सची चेन लावली, लहान मुलीचं दप्तर बंद करावं तशी.

"ने. तपास. कामच आहे तुझं ते," ती म्हणाली. "आणि आता निघ."

छोटी जीव मुठीत धरून त्या घरातून बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की भावोजी आत एकटे आहेत आणि भांडं अजून अर्धं भरलेलं आहे. मागे फिरावंसं वाटलं, पण पाय फिरेनात.

रविवारी प्रयोगशाळा बंद असायची, पण किल्ली तिच्याकडे होती. सकाळीच जाऊन तिनं बाटलीतल्या सरबताचं माप घेतलं. साखरेनं सगळा आलेख व्यापून टाकला होता. कूलंट जिथे दिसलं असतं, बरोबर तिथेच साखरेचे डोंगर उभे होते. त्यांच्या पायथ्याशी चिमूटभर दुसरं काही असलं तरी ते बुडून गेलं असतं. "काही नाही" असं म्हणायची सोय नव्हती आणि "काही आहे" असं म्हणायचीही नव्हती. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच.

मग तिनं भावोजींना फोन लावला. त्यांना काय सांगायचं, ते बसमध्ये बसल्यापासून ती मनात घोळवत होती. ताईच्या हातचं काही घेऊ नका. एवढंच वाक्य. पण फोन उचलला गेला तसं तिनं दुसरंच सांगितलं.

"भावोजी, ते सरबत आता बंद करा. साखर चांगली नाही. नुसतं पाणी प्या. बाहेरचं, बाटलीबंद. दुसरं काही नको."

नेहमीचा टोमणा येईल म्हणून ती थांबली. तो आला नाही.

"छोटे," ते म्हणाले, "मी मरणार आहे का गं?"

इतका बारीक आवाज त्यांचा तिनं कधी ऐकला नव्हता.

"नाही, भावोजी. असं काय बोलता?"

"तुझी ताई रात्री झोपत नाही. मी डोळे उघडले की ती खुर्चीत बसलेली असते. माझ्याकडे बघत. तुला काही कळलंय, जे मला सांगत नाही तुम्ही दोघी?"

फोन ठेवल्यावर छोटी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून राहिली. बोलावं तर बहीण तुरुंगात जाणार. गप्प बसावं तर तो माणूस जाणार. तो कसाही असला तरी त्यानं आत्ता तिलाच विचारलं होतं. संशयानं तिचं डोकं असं कुरतडलं होतं, की ताई खुर्चीत बसून नेमकं काय बघत असेल, एवढ्याच एका प्रश्नाभोवती ते फिरत राहिलं. तिथेच टेबलावर डोकं टेकून ती रडली. मग उठून तिनं डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हिंग स्कूल, कॅन, सरबत, बाटली, काचेवरची जुळणी. काहीही लपवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"साध्या काचेवर जुळणी करून बसलीस?" शेवटी त्या म्हणाल्या. "तू?"

"हो."

"बरं. भावोजींना आजच दाखल करून घ्यायला सांगते. तब्येतीच्या कारणानं. हॉस्पिटलात त्यांना तिथलंच खाणंपिणं मिळेल. बाकीचं उद्या. आणि छोटे, पोलिसांचं मी बोलले ते नियम म्हणून बोलले. उद्याच्या मापाआधी कुणी कुणाला फोन करणार नाही."

सोमवारी चकतीवरचा काप आला. केसापेक्षा कितीतरी पातळ, रंग न लावलेला. आता मात्र छोटीनं स्वतःला घाई करू दिली नाही. यंत्राच्या पेटीत कोरडी हवा सोडली आणि हवेतल्या वाफेची दातेरी रेघ आलेखातून पूर्ण जाईपर्यंत थांबली. ती वाफ राहिली तर नेमकी हव्या त्या जागी घोळ घालते. मग रिकाम्या चकतीचं माप घेतलं, ते वजा करायला. मग काप यंत्राखाली ठेवला आणि आधी साध्या दिव्यात बघितला.

स्फटिक तपकिरी होते.

रंग लावलेला नव्हता, तरी तपकिरी होते. तिला चांगलं आठवत होतं, ऑक्झलेटला रंग नसतो. पण ह्या आठवण्यावरही विश्वास ठेवायचा तिला धीर होईना. आपल्याला हवं तेच आपण बघतोय, असं वाटत राहिलं. तिनं माप सुरू केलं.

ऑक्झलेटचे दोन उंच सुळके असतात. ह्या कामातल्या माणसाला ते अंधारातही ओळखू येतात. आलेख उमटत गेला, आणि त्या दोन जागी ते सुळके नव्हते. दुसरंच काहीतरी होतं. वेगळ्या जागी, दाटीवाटीनं उभी असलेली शिखरं. तिनं दुसरा स्फटिक घेतला, मग तिसरा. मग कपाटातून एका जुन्या मूतखड्याचा काप काढला, ज्यात ऑक्झलेटच होतं ह्यात शंका नव्हती, आणि यंत्राची परीक्षा घेतली. तिथे दोन्ही सुळके ताठ उभे राहिले. यंत्र ठीक होतं. भावोजींच्या किडनीत ऑक्झलेट नव्हतं.

मग होतं काय? संग्रहात जुळणारं काही सापडेना. तिनं डॉक्टरीणबाईंना वर बोलावलं. दोघींनी मिळून मूतखड्यांच्या विभागाकडून त्यांचा आलेखांचा जुना संग्रह मागवला आणि एकेक आलेख शेजारी ठेवून बघत गेल्या. बराच वेळ गेला. मग एका आलेखापाशी छोटीचा हात थांबला. शिखरावर शिखर बसलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून त्याचं लांबलचक नाव वाचलं आणि खुर्चीत मागे रेलल्या.

"जन्मजात आहे हे," त्या म्हणाल्या. "शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइमच, कमी असतं. मग हा पदार्थ साचत जातो. कधी लहानपणी खडे होतात, कधी पन्नाशीपर्यंत काहीच कळत नाही आणि एक दिवस किडनी बसते. ऑक्झलेट समजून फसायला होतं ते ह्यालाच. मीही फसलेच असते."

"म्हणजे कुणी काही दिलेलं नाही?"

"त्यांच्या आईवडिलांनी दिलंय, जन्माला घालताना. आणि ह्याला गोळी आहे. सांध्यांच्या दुखण्यावर देतात तीच, साधी." छोटीचा चेहरा बघून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण रिपोर्टवर तुझी सही नको. घरचं माणूस आहे. दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यापासून मोजू दे, तुझं काही न सांगता."

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यानं दुपारी सगळं नव्यानं मोजलं. त्याचंही उत्तर तेच आलं. तेव्हा कुठे छोटी जिना उतरून खाली गेली.

ताई तळमजल्यावर बाकावर बसली होती. रविवारी भावोजींना अचानक दाखल का केलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी तिनं ते ओळखलं होतं. छोटी जवळ आली तशी ती उठून उभी राहिली. शिक्षा ऐकायला उभं राहतात तशी.

"ताई, जन्मजात आहे. गोळीनं थांबेल. कुणाचा काही दोष नाही."

ताईनं बाकावरची पर्स उचलून खांद्याला लावली. मग म्हणाली, "बरं झालं." आणि वळून जिन्याकडे निघून गेली. छोटीला तिनं हात लावला नाही.

गोळ्या लागू पडल्या. सगळं काही भरून आलं नाही, किडनीचा काही भाग गेला तो गेलाच, पण सूज उतरली, तोंडाला चव आली, आणि भावोजी पुन्हा शाळेत जाऊ लागले. त्यांच्या परगावच्या भावालाही तपासून घ्यायला सांगितलं. तो आधी फार घाबरला आणि नंतर काही निघालं नाही म्हणून फोनवर रडला. हे सगळं छोटीला भावोजींकडूनच कळायचं. ताई तिचा फोन घेत नव्हती.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी तिचाच फोन आला. "रिकामे खोके आहेत का तुझ्याकडे? असतील तेवढे घेऊन ये."

ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसावर दोन खोल्या होत्या, तिथे ताई राहायला जाणार होती. एकटी. छोटी पोचली तेव्हा कपडे बांधून झाले होते, भांडी राहिली होती. भावोजी बाहेरच्या खोलीत उभे होते. एकदोनदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात दोघी जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होत्या.

"ताई, माझं चुकलं," छोटी म्हणाली. "मी तुझ्याबद्दल असा विचार कसा केला, मला..."

"थांब." ताईनं हातातली वाटी खाली ठेवली. "तू कॅनचं विचारलंस ना? मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाहुणे येऊन गेले होते, त्यानं नेहमीप्रमाणे माझी खिल्ली उडवली होती, आणि मी इथे उभी राहून त्याच्यासाठी सरबत ढवळत होते. ढवळता ढवळता नजर पडवीत गेली. कॅनवर. आणि तिथेच राहिली गं. किती वेळ, मला ठाऊक नाही. भानावर आले तेव्हा चमचा हातातच होता. तसाच कॅन उचलला, गाडीत टाकला आणि मेकॅनिकच्या दारात ठेवून आले. त्यानंतर घरात आणलाच नाही."

छोटीच्या हातातलं ताट कागदात अर्धंच गुंडाळलेलं राहिलं.

"मग थोड्याच दिवसांत हा आजारी पडला. मला वाटलं, माझ्या मनात आलं म्हणूनच हे झालं. रात्र-रात्र बसून त्याचा श्वास चालू आहे की नाही ते बघायचे. आणि तू ती बाटली बाहेर काढलीस. वाटलं, हिला दिसलं. माझ्या पोटात काय होतं, ते हिला दिसलं."

"मला काही दिसलं नव्हतं, ताई. मी नुसती घाबरले होते."

"मीही." ताईनं वाटी परत उचलली आणि कागदात गुंडाळायला घेतली. "आजारी माणसाला सोडून जाता येत नाही. आता तो बरा आहे. आता मला जाता येतं. एवढंच आहे बघ. फार खोलात शिरू नकोस."

खोके गाडीत भरले. शिकवण्याची गाडी होती, शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी दुसरा ब्रेक होता. ताईनं गाडी फाटकातून बाहेर काढली आणि मोठ्या रस्त्याला लागताना नेहमीसारखी झपकन वळवली. छोटीचा पाय आपोआप त्या ब्रेकवर गेला. गाडीला हिसका बसला, मागे भांडी खणखणली.

"पाय काढ," ताई म्हणाली. "इथे गाडी मी चालवतेय."

छोटीनं पाय काढला. हात मात्र मांडीवर घट्ट आवळलेले होते, आणि ताईला ते दिसत होते. पुढचा चौक आला. मग ताईनं काच खाली करून पुढच्या स्कूटरवाल्याला एक सणसणीत हाक मारली, तो बिचारा लगबगीनं बाजूला झाला, आणि छोटीला हसू आलं. ताई हसली नाही. पण तिनं गाडी जरा हळू केली.